दहाव्यालाही बाईच

बाणगंगेच्या पायऱ्यांवर धुरी मंडळी सकाळी पावणेदहापासून उभी होती आणि सव्वाअकरा झाले तरी जयवंत धुरींच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता. कावळ्यांचा तुटवडा होता असंही नाही. कठड्यावर, देवळाच्या शिखरावर आणि वरच्या तारेवर मिळून तीसेक कावळे सहज असतील. शेजारी माहीमच्या कुठल्याशा आजीबाईंचं पिंड ठेवलं, तर त्यांच्या मंडळींनी नीट हात जोडायच्या आत तीन कावळे त्यावर तुटून पडले. धुरींच्या पिंडाकडे मात्र ते मान वाकडी करून बघत आणि परत तारेवर जाऊन बसत.

मेघनाला आता कावळ्यांचा राग यायला लागला होता. जयवंतरावांची ही धाकटी मुलगी शीवच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. कावळ्याबिवळ्यावर आपला विश्वास नाही हे गेली तीस वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती. आज मात्र कावळा यायला हवा होता. का हवा होता, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

पिंडापुढे सगळा सरंजाम होता. बटाटावडा होता, प्लास्टिकच्या कपात चहा होता, तळलेली सुकी मिरची होती. राजेशने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, बाबांना लागायचं म्हणून सकाळचं वर्तमानपत्रही घडी करून ठेवलं होतं. त्याच्या नुकत्याच तासलेल्या डोक्यावर ऊन चटकत होतं आणि हात जोडून जोडून त्याची वचनं संपत आली होती.

"बाबा, आईला मी अंतर देणार नाही," तो म्हणाला. कावळा हलला नाही.

"गावच्या घराची कौलं येत्या मे महिन्यात बदलतो. शब्द देतो."

"तो शब्द तू ते असतानापासून देतोयस," मेघना पुटपुटली.

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्यामागे आणखी दोन घरची मंडळी पिशव्या घेऊन ताटकळत होती. "हे बघा, कधी कधी मनात काही अडकून राहिलेलं असतं," ते म्हणाले. "तुम्हाला ठाऊक असेल तर ते बोला. नाहीतर मी दर्भाचा कावळा करतो. शास्त्रात सोय आहे, वाईट वाटून घेऊ नका."

मनात काय अडकलं होतं, हे तिथे जमलेल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं, निदान तसं सगळ्यांना वाटत होतं. त्यामुळे सगळ्यांच्या नजरा आपोआप विठोबा राऊळांकडे वळल्या.

विठोबा हे जयवंतरावांचे शेजारी. परळच्या चाळीत एकाच मजल्यावर समोरासमोर खोल्या, एकाच गिरणीत, एकाच साचेखात्यात, म्हणजे मागांवर, दोघांची नोकरी. गिरणी गेली, चाळ तेवढी राहिली, आणि चाळीच्या गॅलरीतला बाक राहिला. त्या बाकावर या दोघांनी पन्नास वर्षं एकच भांडण चालवलं होतं. इंदिरा गांधी चांगल्या की वाईट. बाई, असं दोघंही म्हणायचे, जणू ती तिसऱ्या मजल्यावर राहायला होती.

मेघनाच्या आयुष्यातले सगळे मोठे प्रसंग बाईंनी नासवले होते. दहावीचा निकाल घेऊन ती धावत आली, तेव्हा बाबांनी टक्के विचारले, पाठीवर हात ठेवला आणि त्याच दमात ते विठोबाकाकांना बेचाळीसाव्या घटनादुरुस्तीबद्दल सुनवायला लागले. तिच्या लग्नात, दादरच्या हॉलमध्ये भटजी मुलीच्या वडिलांच्या नावाने ओरडत होते आणि मुलीचे वडील खाली पानवाल्याकडे उभे राहून संस्थानिकांच्या तनख्यांवर भांडत होते. घरात कुणी आजारी असो, पाहुणे असोत, चुलीवर काही करपत असो, बाई आल्याच. मेघना तेराव्या वर्षापासून म्हणत होती, "पुरे करा आता." तिचं कुणी कधी ऐकलं नाही.

विठोबा बाईंच्या बाजूचे. "बँकेच्या दारात तुला-मला उभं कोण करत होतं, जया? बाईने त्या सरकारी केल्या म्हणून माझ्या नावाचं पासबुक निघालं. एकाहत्तरला अमेरिकेचं आरमार आलं तरी बाई हलली नाही." जयवंतराव उसळायचे. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, सक्तीच्या नसबंद्या, रात्रीतून उचललेली माणसं, सगळं बोटांवर मोजून दाखवायचे. पत्रकं वाटली म्हणून त्यांना स्वतःला गिरणीच्या दारातून उचललं होतं आणि नाशिकरोडच्या तुरुंगात टाकलं होतं. भांडण फारच तापलं की ते शेवटचं वाक्य काढायचे, "मी आत होतो, विठोबा. तू बाहेर होतास." त्यावर विठोबा दर वेळी गप्प व्हायचे. लुंगी झटकून उठायचे आणि आपल्या खोलीत जायचे. चाळीच्या मते तिथे जयवंतराव जिंकलेले असत.

जूनमध्ये आणीबाणीला पन्नास वर्षं झाली. दादरच्या एका मंडळाने तुरुंगवास भोगलेल्यांचा सत्कार करायचं ठरवलं आणि मेघनाला वाटलं, चला, एवढी वर्षं डोकं खाल्लंत, त्याचं एकदा काहीतरी सार्थक होऊ दे. तिनेच अर्ज आणला, तिनेच भरला. स्टाफरूममध्ये सांगून झालं. फक्त अटकेचा आणि सुटकेचा कागद जोडायचा होता. बाबा म्हणाले, नको. का नको, ते सांगेनात. चार वेळा विचारलं, चार वेळा नको. शेवटी बाबांनी अर्जाचे दोन तुकडे करून टेबलावर ठेवले आणि मेघनाचा तोल गेला.

"आयुष्यभर मी आत होतो, मी आत होतो, म्हणून घर डोक्यावर घेतलंत," ती म्हणाली होती. "आता कुणी कागद मागितला तर तोंड लपवता. खरंच गेला होतात का हो तुम्ही?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि ते जिना उतरून गेले. पुढे बारा दिवसांनी सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते गेले. मधल्या काळात दोनदा फोन झाला. जेवलीस का, हो जेवले, यापलीकडे कुणी बोललं नाही. मेघनाला कावळा हवा होता तो एवढ्यासाठी. तो आला असता तर ते वाक्य बाबांनी मनावर घेतलं नव्हतं, असं तिला स्वतःला सांगता आलं असतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नव्हतं, पण दहा दिवस तिला झोप नव्हती.

विठोबा पुढे आले. ऐंशीला टेकलेले, गुडघ्यांनी जेरीस आणलेले, तरी कुणाचा हात न धरता ते तीन पायऱ्या उतरले आणि पिंडासमोर उभे राहिले.

"जया," ते म्हणाले, "हरलो मी. आणीबाणी चुकली, बाई चुकली. तू म्हणायचास ते खरं. ये आता."

पन्नास वर्षांत जे घडलं नव्हतं ते घडलं होतं. एक कावळा तारेवरून उतरला, दोन उड्या मारत पिंडाच्या हातभर जवळ आला, वड्याकडे त्याने पाहिलं आणि तो उडून गेला.

"येईल कसा?" मागून गौतम तांबे म्हणाले. जयवंतरावांबरोबरच उचलले गेलेले हे गिरणीतले दुसरे सोबती. ते मात्र चौदा महिने आत होते. "विठोबा, खरं सांग, मनापासून बोललास?"

"कावळ्यासाठी बोललो."

"तेच म्हणतो मी. त्याला कळत नसेल होय?"

"मग काय खोटं रडू? बाई साफ चुकली असं मी मनापासून कसं बोलू? सत्याहत्तरला निवडणूक कुणी घेतली? तिनेच ना? हरली, तर खुर्ची सोडली की नाही?"

"जिंकणार वाटलं म्हणून घेतली रे ती. हरेल असं कुणी सांगितलं असतं तर अजून दहा वर्षं घेतली नसती."

"काका," मेघना म्हणाली. "आज नको."

पण आता ते कुणाच्या हातात राहिलं नव्हतं. माहीमच्या मंडळींतले एक ओलेत्या पंच्यातले गृहस्थ, ज्यांचं काम केव्हाच झालं होतं, ते जवळ सरकले. "असं कसं म्हणता? ऐंशीला लोकांनीच परत आणली ना तिला? एवढी वाईट होती तर?"

"लोकांना काय, दुसऱ्यांनी घोळ घातला म्हणून आणली," गौतम म्हणाले.

"पण शिस्त होती हो. सरकारी कचेरीत साहेब दहाच्या ठोक्याला खुर्चीवर असायचा."

"साहेब खुर्चीवर आणि आम्ही गजाआड. चांगली शिस्त."

"तसं बघाल तर आमचे वडील सांगायचे," गुरुजींनी दर्भ हातात घेऊन सुरुवात केली, आणि त्यांच्याकडे सगळ्यांनी वळून पाहिल्यावर त्यांना आपण कुठे आहोत ते आठवलं. ते खाली मान घालून दर्भाला गाठी मारू लागले.

राजेश हात जोडलेले तसेच ठेवून चिडला होता. मागची मंडळी चिडली होती. मेघनाला वाटलं, या सगळ्यांना एकेक करून तळ्यात ढकलावं, आधी विठोबाकाकांना. माणूस मेला, दहा दिवस झाले, त्याच्यासमोर भाताचा गोळा ठेवलाय आणि इथेही बाईच. आपल्याला बापाशी दोन मिनिटं हवी होती, तीसुद्धा बाईंनी घेतली.

"गप रवा," तुळसाबाई म्हणाल्या.

जयवंतरावांची बायको सकाळपासून प्लास्टिकच्या स्टुलावर एका बाजूला बसली होती. एवढ्या वर्षांत या भांडणात ती एका शब्दाने पडली नव्हती. चहा ठेवायची आणि आत जायची. त्यामुळे तिचा आवाज ऐकून ओलेते गृहस्थसुद्धा गप्प झाले.

"गप रवा दोघांय. बाईचं नाय अडकलेलं. माझं अडकलंय." ती मेघनाकडे वळली. "तुझे बाबा चार महिन्यांत सुटले, ते सही करून सुटले."

"कसली सही?" राजेशने विचारलं.

"माफीची. यापुढे सरकारच्या विरोधात जाणार नाही, बाईच्या वीस कलमी कार्यक्रमाला माझा पाठिंबा आहे, असा कागद होता."

"वहिनी, कशाला आता," विठोबा म्हणाले.

"मला बोलू द्या, भावोजी. खूप वर्षं तुम्ही गप्प बसलात." तिने पदराने तोंड पुसलं. "मला सातवा लागला होता. ही पोटात. सगळं अंग सुजलेलं, डोळ्यांपुढे काळोख यायचा. डॉक्टर बोलला, दोघांतलं एक वाचेल, घरचं माणूस बोलवा. घरचं माणूस कुठे होतं? राजेश तीन वर्षांचा. मी भावोजींच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. म्हटलं, काय वाटेल ते करा, पण त्यांना घरी आणा. हे भावोजी नाशिकरोडला तीनदा गेले. दोनदा तुझ्या बाबांनी कागद फाडला. तिसऱ्यांदा सही केली."

गौतमनी चष्मा काढला आणि पंच्याने पुसला.

"बराकीत सगळ्यांना माहीत होतं," ते म्हणाले. "त्याला वाटायचं, मला ठाऊक नाही. त्या दिवशी तो कुणाशी बोलला नाही. जाताना माझी चादर घडी करून ठेवून गेला. आत राहिलेल्यांतल्या कुणी त्याला नाव ठेवलं नाही, मेघना. आमचीही पोरं होती."

"तुझ्याशी वाजलं ना, त्या संध्याकाळी मला म्हणाले," तुळसाबाईंनी पुढे सांगितलं, "पोरीला सगळं सांग, माझ्या तोंडून निघत नाही. मी म्हटलं, तुमचं तुम्ही सांगा. आज सांगतील, उद्या सांगतील, म्हणून मी थांबले. कावळा आला नाही तर माझ्यामुळे आला नाही."

मेघनाला रडू आलं नाही. तिला आधी राग आला, आणि तो सगळ्यांचा आला. आईचा, की हे तिने एकोणपन्नास वर्षं पोटात ठेवलं. बाबांचा, की ज्या पोटच्या पोरीसाठी सही केली तिलाच ते सांगू शकले नाहीत. सगळ्यांत जास्त स्वतःचा. तिने अर्जावर सुटकेचा कागद मागितला होता. जो एक कागद त्या माणसाला जन्मभर टोचत राहिला तोच मागितला होता, आणि वर विचारलं होतं, खरंच गेला होतात का.

मग तिला दुसरंच काहीतरी सुचलं आणि ती विठोबांकडे वळली. "काका, बाबा दर वेळी तुम्हाला म्हणायचे, मी आत होतो, तू बाहेर होतास. तुम्ही उठून जायचात."

"हो."

"तुम्ही नुसतं एवढं म्हणायचं होतं, की सही करून सुटलास. एका वाक्यात ते गप्प झाले असते. कायमचे."

"म्हणूनच नाही बोललो," विठोबा म्हणाले. "भांडणात असलं बोलत नाहीत. जिभेवर यायचं कधी कधी. आलं की मी उठायचो."

"झालं," गुरुजी म्हणाले. "शिवला."

सगळे गर्रकन पिंडाकडे वळले. पिंडावर गवताच्या चार काड्यांचा कावळा तिरका ठेवलेला होता आणि गुरुजी हात धूत होते.

"अहो, पण थांबायचं होतं ना जरा," राजेश म्हणाला.

"तुमचं बोलणं चाललं होतं. मागे लोक उभे आहेत, मी किती थांबू? शास्त्राप्रमाणे शिवला. नमस्कार करा आणि वर चला."

राजेशने दात-ओठ खाल्ले आणि नमस्कार केला. मेघनानेही केला. गवताच्या कावळ्याकडून काही कळण्यासारखं नव्हतं आणि तारेवरचे खरे कावळे आता पुढच्या मंडळींच्या पिशव्यांकडे बघत होते. तिने आईला हाताला धरून उठवलं.

वर रस्त्यावर चहाची गाडी होती. राजेशने सगळ्यांसाठी चहा सांगितला. विठोबा कप घेऊन कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी चहा फुंकून दोन घोट घेतले. पण पन्नास वर्षांची सवय, ती कुठे जाणार.

"पण एक सांगतो, मेघना," ते म्हणाले. "दिल्लीत बसलेल्या बाईला यातलं काय ठाऊक? हे खालचे लोक असतात ना, ते जास्तीचा शहाणपणा करतात. परळचा कोण एक साचेवाला, त्याची बायको पोटुशी, बाईला काय स्वप्न पडणार होतं?"

राजेशने कपाळावर हात मारून घेतला. गौतम काही बोलणार होते. मेघना आता नेहमीचं पुरे म्हणणार, असं धरून विठोबा स्वतःच थांबले. ती म्हणाली नाही.

"काका, बाबांनी केलं काय होतं?"

"पत्रकं वाटली."

"पत्रकं वाटली. कुणाला मारलं नाही, कुठे आग लावली नाही. त्या माणसाची बायको मरायला टेकली होती आणि त्याला सांगितलं, माफी लिहून दे, मग घरी जा. लिहिली त्याने. माझ्यासाठी लिहिली. आणि मग पन्नास वर्षं खालमानेने जगला. सत्काराचा अर्जही फाडून टाकला." तिचा आवाज चढला होता आणि चहावाला बघत होता, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. "मला बँका सांगू नका, बांगलादेश सांगू नका. ते सगळं मी लहानपणापासून ऐकलंय, खरंही असेल. मला एवढंच सांगा, त्या कागदाची लाज कुणाला वाटायला हवी होती? लिहून देणाऱ्याला, की लिहून घेणाऱ्याला?"

विठोबांनी कप कठड्यावर ठेवला.

"घेणाऱ्याला," ते म्हणाले. "बाईला."

"हे कावळ्यासाठी बोलताय?"

"नाही गं. कावळा गेला." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. "हे त्याने मला कधी विचारलंच नाही. सगळं बोलायचा, घटना, कलमं, सेन्सॉर, एवढं सोडून. मी वाट बघत होतो, कधीतरी हा हे तोंडाने काढेल, म्हणून. काढलं असतंन तर त्याच दिवशी मी हरलो असतो."

मेघनाने त्यांचा हात धरला. तिने बाबांना जूनमध्ये विचारायला हवा होता तो हा प्रश्न, आणि तिने दुसराच विचारला होता. चहाच्या गाडीपाशी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, ती दहा दिवसांत पहिल्यांदा रडली.